मंडळीचा पुढारी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

'ख्रिस्ती मंडळीतील नेतृत्वाचे गुण' असा विषय मला बोलण्यासाठी दिला आहे. विषय वाचला आणि पहिल्यांदा जाणवलं ते हे, की आमच्या मंडळीच्या रोजच्या बोलण्यात 'नेता' हा शब्दच नाही. आम्ही पाळक म्हणतो, वडील म्हणतो, पंच म्हणतो. कॅथलिक बंधू फादर म्हणतात. खेड्यातली जुनी माणसं 'मास्तर' म्हणत, कारण मिशनच्या काळात जो आठवडाभर शाळा चालवी तोच रविवारी उपासना घेई. नेता हा शब्द आम्ही निवडणुकीसाठी राखून ठेवला आहे.

पाळक म्हणजे मेंढरं राखणारा. आमच्या गंगापूर तालुक्यात पिकं निघाली की धनगरांचे कळप रानात उतरतात. कधी नीट पाहिलंत तर दिसेल, एक माणूस कळपाच्या पुढे चालतो आणि दुसरा मागे. पुढच्याला वाट ठाऊक असते. मागच्याला कोणतं मेंढरू लंगडतंय ते ठाऊक असतं. मंडळीत आपण पुढे चालणाऱ्यालाच पुढारी म्हणतो. मागून येणाऱ्याचं नाव कुठल्या पाटीवर नसतं. माझ्या बोलण्याचा बराचसा भाग आज या मागच्या माणसाबद्दल असणार आहे.

जे श्रोते ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मंडळी म्हणजे नुसती चर्चची इमारत नव्हे, तिथं जमणारी माणसं. तालुक्याच्या गावात अशी काही घरं असतात, आसपासच्या खेड्यांत आणखी थोडी. एका पाळकाकडे अनेकदा चार-पाच गावं असतात. रविवारी सकाळी एका गावी उपासना, दुपारी दुसरीकडे, मधेच कुणाच्या घरी आजाऱ्यासाठी प्रार्थना. पाळकांची काही वर्षांनी बदली होते. माणसांना त्यांची सवय होते न होते तोच सामान टेम्पोत चढतं. मग मंडळी टिकते कुणाच्या जिवावर? पंचकमिटीच्या, भजनी मंडळाच्या, शब्बाथ शाळा घेणाऱ्या बायकांच्या आणि चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याच्या.

बायबलमध्ये नेतृत्वाबद्दल पुष्कळ आहे. पण मला सर्वांत शिकवणारी वाटते ती 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली भांडणाची गोष्ट. होय, भांडणाची. यरुशलेमेतली पहिली मंडळी अगदी नवी होती. रोज गरीब विधवांना अन्न वाटलं जाई. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, हिब्रू बोलणाऱ्यांना नीट मिळतं, अशी कुरकुर सुरू झाली. आता बारा प्रेषितांनी काय करावं? 'असं काही नाही, तुम्ही फूट पाडता' असं म्हणून तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवता आलं असतं. आपल्याकडच्या कुठल्याही कमिटीनं तेच केलं असतं. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, तुमच्यातून सात माणसं तुम्हीच निवडा, हे काम त्यांच्याकडे देतो. लोकांनी निवडलेली सात नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. निकलाव तर जन्मानं यहूदीही नव्हता. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याकडच्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. आणि पुढे विधवांबद्दल पुन्हा कुरकुर झाल्याचं त्या पुस्तकात नाही.

मराठी मंडळ्यांच्या इतिहासात या कसोटीला उतरणारी माणसं झाली आहेत. त्यातलं एक नाव आपल्या मराठवाड्याचं आहे, पण जालन्याबाहेर फारसं कुणी घेत नाही. नारायण शेषाद्री. देशस्थ ब्राह्मण घरातला हा मुलगा मुंबईला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला आणि १८४३ साली त्यानं बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यामागोमाग निघाला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण कोर्टात गेलं, श्रीपतला घरच्यांच्या ताब्यात देण्यात आलं, त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. मराठी समाजाच्या इतिहासात ते प्रकरण गाजलेलं आहे. नारायणरावांचं पुढचं आयुष्य मात्र इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींत संपतं.

१८५४ साली त्यांची पाळकपदाची दीक्षा झाली. मुंबईत राहिले असते तर शिकलेल्या लोकांत मान होता. पण १८६०नंतरच्या दशकात ते निजामाच्या राज्यात जालन्याला आले. तिथं त्यांच्याभोवती जमलेले लोक प्रामुख्यानं मांग समाजाचे होते. गावात विहिरीवर पाणी भरता येत नाही, जमीन नाही, गावकीचं काम करायचं आणि मिळेल ते खायचं, अशी ज्यांची स्थिती होती ते लोक. एका ब्राह्मणानं त्यांच्यात जाऊन राहणं ही आज ऐकायला सोपी वाटणारी गोष्ट त्या काळात किती अवघड होती, ते आपण ओळखू शकतो. नारायणरावांनी हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. बेथेल या हिब्रू शब्दाचा अर्थ देवाचं घर. ज्यांना स्वतःच्या गावात शिवेबाहेर राहावं लागे त्यांना स्वतःचं गाव मिळालं. १८७३ साली न्यूयॉर्कला जगभरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांची मोठी परिषद भरली होती. तिथं जालन्याचा हा माणूस बोलायला उभा राहिला.

मला नारायणरावांबद्दल आदर आहे, पण त्यांच्या कामाकडे पाहताना एक प्रश्नही पडतो. जमीन मिळवायची ती त्यांनी, पैसा उभा करायचा तो त्यांनी, स्कॉटलंड-अमेरिकेला जायचं ते त्यांनीच. १८९१ साली समुद्रप्रवासात त्यांचं निधन झालं. त्यानंतर जालन्याचं काम स्कॉटिश मिशनऱ्यांच्या हाती राहिलं. पुढे तिथं दवाखाना झाला, शाळा झाल्या. पण बेथेलमधल्या एखाद्या मांग कुटुंबातला कर्ता माणूस त्यांच्या जागी उभा राहिला, असं झालं नाही. मोठ्या वडाखाली दुसरं झाड वाढत नाही असं आपल्याकडे म्हणतात. वडाचा त्यात दोष नसेलही, पण मंडळीच्या पुढाऱ्यानं सावली किती धरायची याचा विचार केला पाहिजे.

त्याच काळात अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, दुसराच विचार चालू होता. अमेरिकन मराठी मिशनच्या बोस्टनमधल्या कचेरीचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५मध्ये हिंदुस्थानात आले होते. त्यांचं मत असं होतं की, मिशनऱ्यानं आपलं काम लवकरात लवकर संपवावं. मंडळीनं स्वतःचा कारभार स्वतः चालवावा, आपला खर्च आपण करावा आणि आपला प्रसार आपण करावा. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन हेही हेच सांगत होते. याच सोसायटीचं काम पुढे आपल्या शहरात रतनजी नवरोजी या पारशी गृहस्थानं कित्येक वर्षं चालवलं. नगरला १८५४ साली हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोघांना पाळक म्हणून दीक्षा देण्यात आली. मराठी माणसं मराठी मंडळीचे पाळक झाले. अँडरसन यांच्या या तीन गोष्टींतली पहिली आणि तिसरी आम्ही भाषणात नेहमी घेतो. दुसरीवर, खर्चावर, आलो की घसा कोरडा पडतो.

तेव्हा पैशाबद्दलच बोलतो. आमच्याकडे कापणीचा सण असतो. ज्याच्या शेतात जे पिकलं ते माणसं चर्चमध्ये आणतात. बाजरी, मका, कापसाची बोंडं, लिंबं, भोपळा, अंडी, एखादी कोंबडी पाय बांधून वेदीच्या कडेला ठेवलेली आणि उपदेश चालू असताना मधेच ओरडणारी. उपासना झाली की आवारात लिलाव होतो. लिलाव पुकारणाऱ्याला गावाची सगळी नाती माहीत असावी लागतात. पन्नास रुपयांचा भोपळा सासऱ्यानं आणलाय हे जावयाच्या लक्षात आणून दिलं की तो दोनशेला जातो. हशा होतो, मुलं पळत असतात आणि मंडळीच्या वर्षाच्या खर्चाला हातभार लागतो. हा सण मला नाताळाइतकाच आवडतो.

आता पुढचं ऐका. एका मंडळीत (नाव घेत नाही, तालुकाही सांगत नाही) लिलाव दर वर्षी झोकात होई, पण हिशेब कुणी वाचून दाखवत नसे. विचारलं तर खजिनदार म्हणायचे, 'देवाच्या घरात संशय बरा नव्हे.' खजिनदार चोर होते असं मी म्हणत नाही. बहुधा नव्हतेच. पण तीन-चार वर्षांत लोकांनी कोंबड्या आणणं बंद केलं. नंतर बाजरी कमी झाली. मग माणसं कमी झाली. संशय बरा नव्हे हे खरंच आहे. पण तो घालवायचा उपाय हिशेब वाचणं हा आहे, गप्प बसवणं हा नाही. पौलानं यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा ती एकट्यानं नेली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेली माणसं धाडली आणि करिंथकरांना पत्रात कारणही लिहिलं: एवढ्या रकमेबद्दल कुणी आपल्याला बोल लावू नये. प्रत्यक्ष पौलाला जर याची गरज वाटली, तर आमच्या खजिनदारांनी रागावण्यासारखं काय आहे? मंडळ्यांच्या जमिनी आणि मालमत्तेवरून राज्यभर जे कोर्टकज्जे चालतात त्यांची सुरुवात अशाच न वाचलेल्या हिशेबांतून होते, असं माझं मत आहे.

याच निजामाच्या राज्यात, पण तेलुगू भागात, दोर्णाकल नावाचं गाव आहे. तिथले बिशप व्ही. एस. अझरायाह हे अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. १९१२च्या डिसेंबरात कलकत्त्याला त्यांचा दीक्षाविधी झाला. त्याआधी दोन वर्षं, १९१०मध्ये, एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं की, तुम्ही आमच्यासाठी पैसा दिला, कष्ट केले, प्राणही दिले. आम्हाला याखेरीज तुमची मैत्री हवी आहे. सभेत पुष्कळांना ते झोंबलं. मला हे वाक्य आमच्या पंचकमिटीच्या टेबलावर लिहून ठेवावंसं वाटतं. कारण आता गोरे साहेब गेले, तरी साहेबपणा गेला असं नाही. पाळकसाहेब खुर्चीत आणि मंडळी सतरंजीवर, ही रचना आम्ही जपून ठेवली आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. दर वर्षी त्या गुरुवारी आम्ही ती गोष्ट वाचतो, आणि वाचणाऱ्याला पाण्याचा ग्लास आणून देण्यासाठी दुसरा कुणीतरी उठतो.

बायकांचा विषय काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मिशनच्या काळात खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन शिकवणाऱ्या बाईला 'बायबलबाई' म्हणत. मंडळ्या अर्ध्याहून अधिक त्यांनी उभ्या केल्या असतील, पण इतिहासात त्यांची नावं सापडत नाहीत. ज्यांचं नाव सापडतं त्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉन्टेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुषांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईनं कलकत्त्याच्या पंडितांसमोर शास्त्रचर्चा केली तिला हे सांगणं! रमाबाईंनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं नाही. श्रद्धा माझी, विवेकही माझा, अशी त्यांची भूमिका होती.

त्याच रमाबाईंनी १८९६-९७च्या आणि १९००च्या दुष्काळात शेकडो मुली-बायकांना आणून केडगावला मुक्ती मिशन वसवलं. तिथं शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकाच होत्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर तिथंच छापलं गेलं. १९२१ साली त्यांची मुलगी मनोरमा गेली, तिच्यावरच संस्थेची भिस्त होती. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या. मुक्ती मिशन मात्र बंद पडलं नाही. केडगावला आजही ते आहे. बेथेलशी याची तुलना करणं कदाचित अन्यायाचं होईल, दोन्हींची परिस्थिती निराळी होती. पण जिथं प्रत्येक बाईच्या हाताला काम शिकवलं होतं ती संस्था मालकीण गेल्यावरही उभी राहिली, हे नोंदवावंसं वाटतं.

आणि आज? दक्षिणेतल्या चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ साली ई. पुष्पा ललिता या बिशप झाल्या. आमच्याकडे पंचकमिटीत एक जागा बायकांची म्हणून ठेवतात, आणि त्या बाईला चहाचं पाहायला सांगतात. आमच्या मंडळीत एक आजी आहेत. अक्षरओळख बेताची. रविवारी त्या शेवटच्या रांगेत बसतात, का तर कोण आलं नाही ते तिथून दिसतं. उपासना सुटली की थेट त्या घरी जातात. कुणाचा ताप, कुणाची सोयरीक मोडलेली, कुणाचा मुलगा दारूला लागलेला, हे पाळकांना कळतं ते आजींकडून. त्या कुठल्याही कमिटीत नाहीत. मागे एकदा त्या तीन आठवडे आजारी होत्या, तर कुणाच्या घरी काय चाललंय हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. कळपामागून चालणारं माणूस म्हणतात ते हे.

एक नाजूक गोष्टही बोलायला हवी. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या. १९५६मध्ये त्या शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळाल्या नाहीत. जात तर गावानं विसरू दिली नाही, कागदावरून मात्र ती पुसली गेली. म्हणून कित्येक घरं चर्चच्या रजिस्टरच्या उंबऱ्यावर उभी आहेत. मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न असतो, नोकरीचा असतो. अशा माणसाला 'तू आत आहेस की बाहेर, एकदा ठरव' असं दरडावणारे पंच मी पाहिले आहेत. त्यांचं नियमाप्रमाणे बरोबरही असेल. पण मला रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीनं १९१७मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दरबार फार वाढला नाही, दोनच वर्षांत टिळक वारले. त्यांची भजनं मात्र आजही प्रत्येक मराठी मंडळीत टाळ-पेटीवर म्हटली जातात, आणि म्हणणाऱ्यांत रजिस्टरमध्ये नाव नसलेलेही असतात. पुढाऱ्यानं अशा माणसाचं गुपित पोटात ठेवायला शिकलं पाहिजे. तो गुण कुठल्या सेमिनरीत शिकवत असतील असं वाटत नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चेस एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. बिशप मानणारे, वडिलांची सभा मानणारे आणि सगळा अधिकार मंडळीच्या सभेला देणारे, असे तिन्ही प्रकारचे लोक त्यात होते. इतक्या निराळ्या पद्धती एका घटनेत बसवायला किती वर्षं चर्चा झाली असेल, किती जणांनी आपला हट्ट सोडला असेल! आणि आम्ही एका गावातल्या दोन भावकींना एका कमिटीत बसवू शकत नाही. कमिटीच्या निवडणुकीत पॅनेल पडतात, चिन्हं तेवढी द्यायची राहतात. शेजारच्या वैजापूर तालुक्यात घोगरगावला १८९२पासून कॅथलिक फादरांचं काम आहे. तिथल्या जुन्या फ्रेंच धर्मगुरूंपैकी फादर गुरियन जाकिये यांची आठवण लोक अजून काढतात. परदेशातून आलेला माणूस खेड्यातल्या मराठीत बोलतो आणि आपलीच दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत, याला काय म्हणावं?

तरुण मुलांबद्दल थोडं सांगून थांबतो. वाळूज आमच्याच तालुक्यात. तिथल्या कंपन्यांत पोरं शिफ्टमध्ये काम करतात. त्यांना रविवारची सुट्टी मिळतेच असं नाही. 'तरुण चर्चला येत नाहीत' म्हणून आम्ही उपदेशातून ओरडत होतो. शेवटी एका फिटरचं काम करणाऱ्या मुलानं पाळकांना विचारलं, संध्याकाळी साडेसातला उपासना ठेवली तर? कमिटीत दोन बैठका यावर गेल्या. पूर्वीपासून सकाळचीच वेळ आहे, वीजबिल कोण भरणार, वगैरे. पाळकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बिल मी भरतो, किल्ली त्या मुलाकडे द्या. किल्ली देताना आमच्या एका ज्येष्ठ पंचांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आता पंधरा-वीस मुलं येतात, पहिली शिफ्ट करून, डबा हातात घेऊनच. वीजबिलही मुलंच वर्गणी करून भरतात.

यंदाच्या कापणीच्या सणाचा हिशेब वाचायचं काम कमिटीनं त्यांच्यातल्याच एका बी.कॉम. झालेल्या मुलीकडे दिलं आहे. तिनं एकच अट घातली: आधी मागच्या तीन वर्षांची पावतीपुस्तकं दाखवा. कमिटीनं कपाट उघडून ती शोधायला घेतली आहेत. दोन सापडली आहेत.